आधी व्होल्ट, मग वॉट

सुपे, मोरगाव, चौफुला या पट्ट्यात लग्नसराईत किंवा जत्रेत बँजो पार्टी आली, की पहिली नजर जाते ती ट्रॉलीवरच्या स्पीकरच्या भिंतीकडे. सुपारी देणारे विचारतात, ‘‘किती वॉटचा सेटअप आहे?’’ पार्टीवालेही अभिमानाने तोच आकडा सांगतात. बँजोवर वाजलेलं गाणं मिरवणुकीच्या शेवटच्या माणसाला ओळखू येतं का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. रॅकमध्ये बसणारा इफेक्ट प्रोसेसर आणि त्याला साजेसा पॉवर अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या तरुणांचं नुकसान इथेच होतं. पैसा बऱ्याचदा उसनवारीचा असतो. सावकारांची कर्जखतं जाळणारे दख्खनचे दंगे 12 मे 1875 रोजी याच सुप्यात सुरू झाले. कर्जाने आणलेली वस्तू पदरात काय टाकते याचा हिशेब मांडायला या गावाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आधी वाद्य समजून घेऊ. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये टायपरायटरसारख्या कळा असलेलं ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य तयार केलं. ते भारतात बुलबुल तरंग म्हणून रुजलं, बलुचिस्तानात बेंजू झालं आणि महाराष्ट्रात पिकअप बसवून बँजो म्हणून रस्त्यावर उतरलं. रवी जाधव यांच्या 2016 च्या ‘बँजो’ या हिंदी चित्रपटात रितेश देशमुख यांच्या हातात दिसतो तो हाच. अमेरिकेतल्या कातडं मढवलेल्या बँजोशी त्याचा संबंध नाही. विजेच्या दृष्टीने तो सरळसरळ इलेक्ट्रिक गिटारचा भाऊ आहे: पोलादी तार, तिच्याखाली चुंबक आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे, म्हणजेच पिकअप. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेला नियम तो हाच. म्हणूनच गिटारसाठी बनलेला प्रोसेसर बँजोला चालतो, आणि गिटारवाल्यांना येणाऱ्या सगळ्या अडचणीही बँजोवाल्यांच्या वाट्याला येतात.

त्यातली पहिली अडचण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. पिकअपमधून निघणारा दाब असतो व्होल्टच्या काही दशांशाइतका, आणि तो फार दुबळा असतो. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध साधारण 10 हजार ओहम असतो. बँजोची पिन थेट तिथे खोचली तर ते इनपुट पिकअपमधून झेपेल त्यापेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढतं. कमी झऱ्याच्या विहिरीवर मोठी मोटर बसवली की पाणी तळाला जातं, तसंच हे आहे. त्यात पहिला बळी जातो वरच्या सुरांचा, म्हणजे तारेच्या त्या खणखणीत धारेचा. वादक मग ट्रेबल वाढवतो, त्याबरोबर खरखर वाढते आणि दोष येतो अ‍ॅम्पवर. गिटारसाठी बनवलेल्या प्रोसेसरला मुद्दाम सुमारे 10 लाख ओहमचं इनपुट दिलेलं असतं. विकत घेताना हे इनपुट आहे की नाही, हे इफेक्टची संख्या मोजण्याआधी पाहावं. स्टुडिओत आवाजावर संस्कार करण्यासाठी बनलेल्या अनेक रॅक यंत्रांत ते नसतं. तिथे मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारी पेटी, लागतो. केबलही आखूड ठेवावी, कारण लांब केबलची स्वतःची कपॅसिटन्स त्याच वरच्या सुरांना गिळते.

रॅक म्हणजे 19 इंच रुंदीची लोखंडी चौकट. टेलिफोन केंद्रांतली उपकरणं बसवण्यासाठी ठरलेलं ते माप पुढे ध्वनियंत्रांनी उचललं. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. 1975 साली आलेला इव्हेंटाइड कंपनीचा एच-910 आणि 1980 च्या दशकातला यामाहाचा एसपीएक्स-90 या यंत्रांनी रॅकला संगीताच्या जगात मानाचं स्थान दिलं. आज फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स किंवा केंपरचा प्रोफायलर अशी यंत्रं अख्ख्या अ‍ॅम्पची नक्कल गणिताने करतात. केंपरच्या एका रॅक प्रकारात 600 वॉटचा पॉवर अ‍ॅम्प आतच बसवलेला असतो. बँजो पार्टीला इतक्या महागड्या यंत्राची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला लागतो थोडा कॉम्प्रेसर, चांगला इक्वलायझर, एक डिले, एक रिव्हर्ब आणि जरुरीपुरती डिस्टॉर्शन.

प्रोसेसर आवाजाचे सेकंदाला बहुधा 48 हजार नमुने घेतो आणि प्रत्येकाची 24 बिटांची संख्या करतो. एकदा आवाज संख्यांमध्ये उतरला, की डिले म्हणजे फक्त साठवण उरते. 300 मिलिसेकंदांनी सूर परत हवा असेल तर 14,400 नमुने थांबवून ठेवायचे आणि मग सोडायचे. रिव्हर्ब त्याहून अवघड. भिंती, छत, जमीन यांवरून परतणाऱ्या हजारो प्रतिध्वनींचा आभास निर्माण करायचा असतो. बेल प्रयोगशाळेतल्या मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची गणिती रीत मांडली. आजच्या यंत्रांतले कित्येक रिव्हर्ब तिच्याच वंशातले आहेत.

या दोन्हींचा वापर जागा पाहून बदलावा लागतो. सुप्याच्या माळावर, उघड्या रानात आवाज परतवायला काहीच नसतं, तिथे रिव्हर्बने सुराला अंग येतं. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात खोलीचाच घुमारा एवढा असतो, की तोच रिव्हर्ब सुरू ठेवला तर ओळीतले सूर एकमेकांत मिसळून गाणं ओळखू येईनासं होतं. म्हणून मिरवणुकीचा, मैदानाचा आणि कार्यालयाचा असे वेगवेगळे प्रीसेट आधी करून ठेवता येतील आणि हात न गुंतवता पायाने बदलता येतील, असा प्रोसेसर घ्यावा. आकड्यांच्या रूपात आत-बाहेर जाताना आवाजाला होणारा उशीरही विचारावा. 3 मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून एक मीटर दूर उभं राहण्यासारखं, ते जाणवत नाही. 10-12 मिलिसेकंदांवर गेलं की जलद तानांत बोट आणि सूर यांची फारकत वादकाला जाणवू लागते.

डिस्टॉर्शनची एक खुबी आहे. गिटारचा खास स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही, त्यामुळे कर्कशपणा आपोआप कापला जातो. आपल्या ट्रॉलीवरचे टॉप मात्र सगळं वाजवतात. म्हणून प्रोसेसरमधलं कॅबिनेटची नक्कल करणारं सेटिंग सुरू ठेवावं, आणि पुढचा पॉवर अ‍ॅम्प स्वतःचा रंग न मिसळणारा, सॉलिड स्टेटचा असावा. व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प गिटारच्या स्पीकरसाठी सुंदर. खड्ड्यांतून हिंदकळणाऱ्या ट्रॉलीसाठी तो नाही.

आता जोडीचा खरा प्रश्न. प्रोसेसरने दिलेला दाब अ‍ॅम्पला पुरतो का? व्यावसायिक लाइन पातळी 1.23 व्होल्ट, घरगुती यंत्रांची 0.316 व्होल्ट. पॉवर अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ दिलेली असते, 0.775 किंवा 1.4 व्होल्ट अशी. एवढा दाब मिळाला की अ‍ॅम्प पूर्ण क्षमतेला पोचतो. 8 ओहमवर 400 वॉट देणारा अ‍ॅम्प घ्या. 400 ला 8 ने गुणून वर्गमूळ काढलं की साडेछप्पन्न व्होल्ट येतात. 1.4 व्होल्टचे एवढे करायचे म्हणजे चाळीस पट वाढ, अर्थात 32 डेसिबल. प्रोसेसर जर 0.316 व्होल्टच देत असेल तर हा अ‍ॅम्प 20 वॉटच्या आसपासच अडकतो, आणि पार्टी दुसरा मोठा अ‍ॅम्प शोधायला लागते. उलटही घडतं. अ‍ॅम्पचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे निम्मीच ताकद निघते, असं अनेक जण धरून चालतात. नॉब फक्त आत येणारा सिग्नल कमी करतो. सिग्नल पुरेसा जोरकस असेल तर अर्ध्या नॉबवरही अ‍ॅम्प कमाल मर्यादा गाठतो.

ती मर्यादा ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात. याला क्लिपिंग म्हणतात. पूर्ण छाटलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते, शिवाय तिच्यात नवे उंच सूर जन्मतात. क्रॉसओव्हर ते सूर टॉपमधल्या ड्रायव्हरकडे पाठवतो आणि त्याची नाजूक कॉइल जळते. लहान अ‍ॅम्पने मोठा स्पीकर जळण्याचं हे कारण. क्लिपिंग दाखवणारा लाल दिवा सतत पेटत असेल तर पार्टीच्या कोणीतरी तिथेच आवाज कमी करायला हवा.

वॉटचा हिशेब शेवटी येतो, आणि तो डेसिबलच्या नियमाने चालतो. शक्ती दुप्पट केली तर फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॉटला 1 मीटरवर मिळणारे डेसिबल, 92 ऐवजी 98 असेल तर 500 वॉटमध्ये 2000 वॉटचं काम होतं. दुकानात हा आकडा कोणी आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. पैसा अ‍ॅम्पऐवजी स्पीकरवर घालावा, असं मी ठामपणे म्हणतो ते यासाठी.

ओहमही मोजावेत. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम, चार जोडले की 2. अ‍ॅम्पवर किमान 4 लिहिलेलं असताना तिसरा बॉक्स जोडणंही म्हणजे अ‍ॅम्पवर अत्याचार. दोन चॅनेल मिळून एकच बॉक्स चालवतात त्या ब्रिज मोडमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्माच रोध दिसतो, म्हणून तिथे किमान मर्यादा दुप्पट होते. मंडपवाल्यांचे भोंगे 100 व्होल्टच्या लाइनवर चालणारे असतात. ते 8 ओहमच्या बॉक्सबरोबर एका वायरीत बांधू नयेत.

जुन्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्पची बरीच वीज उष्णतेत जाते. डी वर्गाचा अ‍ॅम्प 90 टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम आणि वजनाला हलका असतो. बारामती-इंदापूरच्या मे महिन्यात, भाड्याच्या जनरेटरवर, मला तोच बरा वाटतो. मात्र तो किती व्होल्टपर्यंतची घसरण सहन करतो ते पाहून घ्यावं आणि पंख्यासमोरची जाळी धुळीने बुजू देऊ नये. गुणगुण येते म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असं कधीही करू नका. बँजोच्या तारा धातूच्या, वादकाची बोटं सतत त्यांवर. बिघाड झाला तर विजेला वाट त्याच्या छातीतून मिळेल. बॅलन्स्ड एक्सएलआर केबल वापरली आणि प्रोसेसर, मिक्सर, अ‍ॅम्प एकाच अर्थिंगवर घेतले की बहुतेक गुणगुण जाते.

कानांचा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. 85 डेसिबल आठ तास सुरक्षित मानले जातात आणि प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. पार्टीतली पोरं बॉक्सला खेटून चार-चार तास असतात, आणि एकदा मेलेल्या श्रवणपेशी पुन्हा उगवत नाहीत. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात. प्रत्येक पार्टीने ते सक्तीचे करावेत.

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार झाली की आवाज वर न जाता खाली वळतो आणि दूरवर पोचतो. सुप्याजवळचं चिंकाऱ्यांसाठीचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. अशा रात्री काठावर वाजलेला बेस ते आरपार ओलांडतो. म्हणून बॉक्स रानाकडे तोंड करून लावू नयेत आणि दहाला मेन स्विच खाली करावा.

खरेदीला जाताना आपला बँजो, आपली केबल आणि निदान एक टॉप टेम्पोत घालून न्या. दुकानदाराला तीन आकडे विचारा: प्रोसेसरचा इनपुट रोध, त्याचा आउटपुट दाब आणि अ‍ॅम्पची इनपुट सेन्सिटिव्हिटी. मग आपल्याच हाताने वाजवून ऐका. जो दुकानदार हे आकडे सांगत नाही किंवा वाजवू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.