रक्ताभिसरणाची द्रवयांत्रिकी आणि सिकलसेल : गडचिरोली-चंद्रपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या यात्रेनंतर ऊन वाढू लागते, तसे पात्रातील वाळूचे पट्टे उघडे पडतात. पात्र अरुंद असेल तेथे पाण्याला ओढ असते. पसरट पात्रात तेच पाणी संथ होते. मानवी शरीरातील रक्तही याच नियमाने वाहते. मात्र या परिसरातील काही व्यक्तींच्या शरीरात हा प्रवाह वारंवार अडतो. त्यामागील द्रवयांत्रिकी स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रवाहाचे दोन नियम :

पहिला नियम सातत्याचा होय. वाहिन्यांचे एकूण छेदक्षेत्र वाढले की वेग कमी होतो. महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 20 ते 30 सेंटिमीटर असतो. एकेक केशवाहिनी अत्यंत अरुंद असली तरी अब्जावधी केशवाहिन्यांचे एकत्रित छेदक्षेत्र महाधमनीच्या शेकडो पट भरते. म्हणून तेथे वेग सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी होतो. ऊतींना प्राणवायू देण्यास हा संथपणा आवश्यकच असतो.

दुसरा नियम फ्रेंच वैद्यक व भौतिकशास्त्रज्ञ प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. त्यानुसार प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि द्रवाच्या विष्यंदितेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर रोध 16 पट होतो. त्रिज्येत केवळ 10 टक्के घट झाली तरी प्रवाह सुमारे एकतृतीयांशाने घटतो.

रक्ताचे वेगळेपण :

प्वाझय यांचा नियम विष्यंदिता स्थिर असल्याचे गृहीत धरतो. पाण्याला हे लागू पडते, रक्ताला पूर्णतः नाही. रक्ताची विष्यंदिता पाण्याच्या सुमारे तीन ते चार पट असून ती प्रवाहाच्या वेगानुसार बदलते. संथ प्रवाहात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून रक्त दाट होते; वेगवान प्रवाहात त्या सुट्या होऊन ते पातळ होते. सुमारे 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी स्वतःहून अरुंद केशवाहिनीतूनही घडी होऊन निसटते. सूक्ष्म अभिसरण तिच्या या लवचिकतेवरच अवलंबून असते.

सिकलसेलमधील बिघाड :

लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी 1949 मध्ये सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोष असल्याचे दाखवले. प्राणवायू सोडल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तंतू बनतात. त्यामुळे पेशी ताठर व विळ्याच्या आकाराची होते. तंतू बनण्यास मात्र काही अवधी लागतो. पेशी सुमारे एका सेकंदात केशवाहिनी ओलांडते. बहुतेक पेशी तंतू बनण्यापूर्वीच सुटतात व फुप्फुसात पुन्हा प्राणवायू मिळवतात.

धोका येथेच उद्भवतो. शरीरातील पाणी घटले की पेशीतील हिमोग्लोबिनची संहती वाढते आणि तंतू बनण्याचा अवधी झपाट्याने घटतो. ताठर पेशी मार्ग अडवतात, प्रवाह मंदावतो, मागील पेशी अधिक काळ खोळंबतात व त्याही ताठरतात. या दुष्टचक्रातून हाडे, पाठ व छातीत असह्य वेदना सुरू होतात. शिवाय या रुग्णांच्या मूत्रपिंडांची मूत्र संहत करण्याची क्षमता कमी झालेली असल्याने लघवीवाटे पाणी अधिक जाते.

उपचारांमागील तत्त्व :

भरपूर पाणी पिण्याचा सल्ला पेशीतील संहती व रक्ताची विष्यंदिता आटोक्यात ठेवण्यासाठी असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील प्रकारचे हिमोग्लोबिन वाढवून तंतुनिर्मितीस अडथळा करते. रक्त देतानाही जपावे लागते. हिमोग्लोबिन साधारण 10 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर नेल्यास विष्यंदिता वाढून प्रवाहच मंदावू शकतो. अर्थात, वेदनेचा झटका आल्यास केवळ पाण्यावर न विसंबता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

परिसर आणि महाविद्यालय :

विदर्भात आदिवासी तसेच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गांतील काही समाजांत हा आजार आढळतो. 1986 पासून गडचिरोलीत कार्यरत असलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आरंभीच्या काळातच या प्रश्नाकडे लक्ष वेधले. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यासाठी 2047 हे लक्ष्यवर्ष ठरवले आहे. वाहक व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. परंतु दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.

या भागातील महाविद्यालयांच्या परीक्षा बहुधा कडक उन्हाळ्यात येतात. परीक्षागृहात पाण्याची बाटली नाकारणे किंवा प्रसाधनगृहात जाण्यास मनाई करणे हे इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत केवळ शिस्तीचे ठरेल; सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र ते प्रवाहाच्या नियमांनुसार वेदनेला निमंत्रण ठरू शकते. त्याची वारंवारची अनुपस्थितीही आळस समजली जाऊ नये.

समारोप :

दाब, त्रिज्या, वेग व विष्यंदिता या संकल्पना भौतिकशास्त्राच्या वर्गात नळीच्या आकृतीवर शिकवल्या जातात. त्याच वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या रक्तवाहिन्यांत त्यांची कसोटी लागलेली असते. सिकलसेलचे उदाहरण घेऊन हा पाठ शिकवल्यास विषय अधिक स्पष्ट होईल, आणि वर्गातील तो विद्यार्थी व त्याचा आजार दोन्ही वेळीच लक्षात येतील.