ताजे हिम आणि एका आसनाची खुर्ची

स्कीइंग म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतात ते गुलमर्गचे किंवा औलीचे शुभ्र उतार. हिम म्हणजे हिम, त्यात आणखी प्रकार ते कोणते, असे एखाद्यास वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या प्रदेशांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे, तेथे हिमाची प्रतवारी केली जाते. त्यात सर्वांत मोलाचे मानले जाते ते रात्रभर पडलेले, कोरडे आणि पिठासारखे भुसभुशीत असे ताजे हिम. याला 'पावडर' म्हणतात आणि ज्या सकाळी ते उतारावर अस्पर्श पसरलेले असते, तो 'पावडर डे'. अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात 'मॅड रिव्हर ग्लेन' नावाचे एक लहान स्की-केंद्र आहे. तेथील असा दिवस समजून घेतला, तर निसर्गाकडून मोजके मिळालेले सर्वांनी कसे वाटून घ्यावे, याचाही एक पाठ मिळतो.

ढगांतील बाष्पाचे स्फटिक होताना तापमानाला फार महत्त्व असते. शून्याखाली सुमारे १५ अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी आर्द्रता असेल, तर स्फटिकाला सहा बाजूंनी नक्षीदार फांद्या फुटतात. असे स्फटिक एकमेकांवर अलगद विसावतात, त्यांच्या फांद्यांमध्ये भरपूर हवा अडकते आणि थर हलका होतो. ताज्या हिमाचा थर वितळवला, तर ढोबळमानाने त्याच्या एक-दशांश उंचीचे पाणी मिळते. उत्तम पावडरमध्ये हे प्रमाण एक-विसांशापर्यंतही उतरते. पिंजलेल्या कापसासारख्या या थरात आवाजही शोषला जातो. म्हणूनच हिमवादळानंतरची सकाळ इतकी नि:शब्द भासते.

या स्फटिकांच्या अभ्यासाचा एक धागा व्हरमाँटमध्येच सापडतो. राज्यातील जेरिको गावचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये हिमस्फटिकाचे छायाचित्र टिपले. १९३१ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. पुढे जपानमधील होक्काइदो येथे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक तयार केला आणि कोणत्या तापमानाला व आर्द्रतेला कोणता आकार घडतो, हे मांडून दाखवले.

हे सौंदर्य अल्पायुषी असते. जोराचा वारा सुटला, की नाजूक फांद्या मोडतात आणि थर घट्ट बसतो. ऊन तापले, की तो ओला व जड होतो आणि रात्री पुन्हा गोठून त्यावर कडक पापुद्रा धरतो. कोणी हात लावला नाही, तरी स्फटिकांच्या फांद्या हळूहळू झिजून गोलसर होत जातात. त्यातच माणसांची भर पडते. एक स्कीअर उतरून गेला, की त्याच्यामागे चर उमटतो. शेकडो जण उतरले, की दुपारपर्यंत सारा उतार नांगरल्यासारखा दिसू लागतो. पावडरचा दिवस म्हटला जातो खरा, पण प्रत्यक्षात तो काही तासांचाच असतो.

घट्ट हिमावर स्कीची कड रोवून वळण घेतले जाते आणि शरीराचा भार मुख्यत: बाहेरच्या पायावर पडतो. पावडरमध्ये कड रोवायला आधारच नसतो. भार एकाच पायावर दिला, तर तो पाय बुडतो. त्यामुळे दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, लयीत, हिमावर तरंगत उतरावे लागते. मॅड रिव्हर ग्लेनसारख्या दाट झाडीच्या डोंगरावर सावधगिरीही लागते. खोल हिमात झाडाच्या बुंध्याभोवती पोकळी राहू शकते आणि तीत कोणी डोक्यावर पडला, तर स्वत:हून बाहेर येणे कठीण होते. म्हणून झाडीत एकट्याने उतरू नये, असा दंडक आहे.

या केंद्राचे वैशिष्ट्य आहे ते माणसांना माथ्यावर नेणाऱ्या रोपवेत. १९४८ मध्ये रोलंड पामेडो यांनी केंद्र सुरू केले, तेव्हा तारेला टांगलेल्या प्रत्येक खुर्चीवर एकच माणूस बसत असे. आजही तेच आहे. इतरत्र चार-चार, सहा-सहा आसनांचे वेगवान रोपवे तासाला दोन हजारांहून अधिक माणसे वर नेतात. येथे हा आकडा पाचशेच्या आसपास राहतो. साहजिकच पावडरच्या दिवशी पायथ्याशी लांबच लांब रांग लागते आणि थंडीत ताटकळावे लागते. मात्र माथ्यावर गर्दी उसळत नसल्याने अस्पर्श हिम अधिक वेळ टिकते. रांगेत शेवटी उभा असलेल्यालाही काही वाटा मिळतो.

ही संथ गती लोकांनी जाणीवपूर्वक निवडलेली आहे. १९९५ मध्ये तत्कालीन मालकीण बेट्सी प्रॅट यांनी हे केंद्र तेथे येणाऱ्या स्कीअरच्याच सहकारी संस्थेला विकले. जुना रोपवे थकला, तेव्हा त्याजागी अधिक आसनांचा नवा बसवायचा की जुन्याचाच जीर्णोद्धार करायचा, असा प्रश्न सभासदांपुढे आला. कौल एका आसनाच्या बाजूने गेला. देणग्या जमा झाल्या आणि २००७ मध्ये नूतनीकरण पूर्ण झाले.

या निर्णयाचे मोल आजूबाजूला पाहिले की कळते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत सातशेहून अधिक स्की-केंद्रे होती. आज ती पाचशेच्या आत आली आहेत आणि बंद पडलेल्यांत लहान, गावाजवळच्या टेकड्यांचा भरणा मोठा आहे. मुले आपल्या गावातच स्कीइंग शिकत, ती हीच ठिकाणे. दुसरीकडे अनेक मोठी केंद्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटली. त्याच खोऱ्यातील शुगरबुश हे केंद्र २०२० मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीकडे गेले.

अर्थात, रोपवे कोणता असावा हे सभासदांच्या मतांवर ठरू शकते, हिम किती पडावे हे नाही. व्हरमाँटमध्ये हिवाळा इतर ऋतूंपेक्षा अधिक वेगाने उबदार होत आहे. हिमाच्या जागी पाऊस पडला, तर साचलेला थरही वाहून जातो. मोठी केंद्रे यंत्राने कृत्रिम हिम तयार करून हंगाम सावरतात. मॅड रिव्हर ग्लेनमध्ये ही सोय मर्यादित असून भिस्त आकाशावरच आहे. ही चिंता केवळ व्हरमाँटची नाही. पुरेशा हिमाअभावी २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्ग येथील 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये हिम पडल्यावरच त्या पार पडल्या.

यंत्राने हिम बनवता येते, पण ते बारीक, गोलसर कणांचे आणि घट्ट असते. उतार झाकण्यापुरते ते उपयोगी ठरते. सहा फांद्यांचा, हवेने भरलेला स्फटिक मात्र ढगांतूनच उतरावा लागतो. वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या त्या सकाळी थंडीत कुडकुडत रांगेत उभे राहण्याची मॅड रिव्हर ग्लेनच्या सभासदांची तयारी असते. आपल्या आधी कोणी सारेच लुटून नेणार नाही, एवढी खात्री त्यांनी स्वत:च्या मतांनी करून ठेवली आहे.