सुट्टीत मोबाइलवरून भांडण नको, वेळ ठरवा

सख्यांनो, शाळेला सुट्टी लागली की घरोघरी एकच वाद, "ठेव तो मोबाइल!" ओरडलं की पोरगं तेवढ्यापुरतं ठेवतं, आपण चुलीकडं वळलो की पुन्हा घेतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं गावानं मिळून उपाय काढला. कोरोनात शाळा मोबाइलवर भरली, नंतर तो मुलांच्या हातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये महिलांच्या ग्रामसभेत ठरलं. देवळावरचा भोंगा संध्याकाळी ७ ला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा! नियम सगळ्यांनाच, त्यामुळं एकट्या आईला रागवावं लागत नाही.

आपणही गटाच्या बैठकीत शेजारच्या चार-पाच घरांची एकच वेळ ठरवू या.

- बंद करायच्या दहा मिनिटं आधी सांगा.
- मूल रडलं, चिडलं तरी आवाज चढवू नका. तेच पुन्हा शांतपणे सांगा.
- आधी आपला मोबाइल बाजूला ठेवा.
- हाताला काम द्या: शेंगा फोडणं, गोष्टीचं पुस्तक, गटाच्या हिशेबाची बेरीज.

जूनमध्ये शाळा उघडली की हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. कायद्यानं तिथं निम्म्या जागा महिलांच्या आहेत.