दहावीचे १५ गुण की पायातला ताल? वेरूळहून नृत्याच्या क्लासला निघण्याआधी पालकांनी मांडायचा हिशेब

पाचवीतली मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचते, बाई कौतुक करतात आणि घरी आल्यावर ती म्हणते, 'मला कथक शिकायचंय.' छत्रपती संभाजीनगर शहरात हे वाक्य ऐकल्यावर जवळचा क्लास शोधायचा असतो. वेरूळमध्ये ऐकलं तर आधी एसटीचं वेळापत्रक बघावं लागतं.

वेरूळ ते शहर अंतर साधारण ३० किलोमीटर. म्हणजे एका क्लाससाठी येऊन-जाऊन ६०. आठवड्यातून दोन दिवस धरले तर १२० आणि वर्षाचे ४५ आठवडे धरले तर ५,४०० किलोमीटर. पाच वर्षांत हा आकडा २७ हजारांवर जातो. त्यात खुलताबादचा चढ-उतार आणि दौलताबादच्या दरवाज्यापाशी होणारी कोंडी वेगळी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धंच. त्यामुळे मायलेकींचा खर्च एका पूर्ण तिकिटात भागतो. वेळेला मात्र सवलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की हे सगळं नेमकं कशासाठी करायचं?

गुणांचं गणित काय आहे?

बरेच पालक क्लासच्या दारात पहिला प्रश्न दहावीच्या गुणांचाच विचारतात. त्यात चुकीचं काही नाही. २०१७ च्या शासन निर्णयानुसार राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षांसाठी सवलतीचे गुण मिळतात. तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० आणि पाच असतील तर १५. प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. परीक्षा घेणारी संस्था मात्र शासनमान्य यादीतली हवी. ही चौकशी फॉर्म भरण्याआधी करावी, प्रमाणपत्र हातात आल्यावर नाही. मुलगी सीबीएसईच्या शाळेत असेल तर या गुणांचा विषयच येत नाही.

महाराष्ट्रात सर्वात जास्त ओळखीचं नाव म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. क्रम असा : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं आणि त्यापुढे अलंकार. सुरुवातीला भर प्रात्यक्षिकावर असतो, वर जाल तसं लेखी पेपरचं वजन वाढतं.

दरवर्षी एक परीक्षा धरली तर पाचवीत सुरुवात केलेली मुलगी सातवीत तिसरी आणि नववीत पाचवी परीक्षा देते. दहावीचं वर्ष मोकळं राहतं. आठवीत सुरुवात केली तर तीन परीक्षांसाठीसुद्धा धावपळ होते आणि तिसरी परीक्षा नेमकी दहावीच्या वर्षात येते. मग परीक्षेला लागणारे तेवढेच तुकडे घोटून घेतले जातात. प्रमाणपत्र मिळतं, पण पाय तयार होत नाहीत.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. १५ गुण म्हणजे ५०० पैकी तीन टक्के आणि रस्ता २७ हजार किलोमीटर. निव्वळ तीन टक्क्यांसाठी हा प्रवास परवडत नाही. तेवढ्या वेळेत गणिताचा सराव केला तरी तीन टक्के निघतील. मुलीला नाचायचंच असेल तरच हा हिशेब जमतो आणि तेव्हा गुण वरकड मिळतात.

क्लास चांगला की वाईट, नृत्य न येणाऱ्या पालकाने ओळखायचं कसं?

यासाठी कथक यावं लागत नाही, सोळापर्यंत मोजता आलं की पुरे. तीनतालात १६ मात्रा असतात, चार-चारचे चार भाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे तिथे हात वाजवायचा नाही, नुसता बाजूला न्यायचा. 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' हे आठ बोल दोनदा म्हटले की एक आवर्तन पुरं होतं. हाताने ताल देत बोल तोंडाने म्हणणं म्हणजे पढंत. तीन-चार महिन्यांनी मुलीला घरी पढंत करायला सांगा. तुम्ही फक्त मोजा. ती दर वेळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर बरोबर येत असेल तर क्लासमध्ये शिकवलं जातंय. गाण्याच्या तीन स्टेप येतात पण पढंत येत नसेल, तर तो क्लास गॅदरिंगचा आहे. वाईट नव्हे, पण तो कथकचा क्लास नाही.

प्रवेशाआधी एक तास बसून बघू द्या असं सांगा. एका वेळी किती मुली आहेत, गुरू प्रत्येकीच्या पायाकडे बघतात की समोर उभ्या असलेल्या दोघींकडेच, साथीला तबला असतो की फक्त मोबाइलवरचा लेहरा, मोठ्या मुलींना दुखापती आहेत का, हे सगळं तासाभरात दिसतं. बसू देणार नाही असं उत्तर आलं तर पुढचा पत्ता बघावा.

आणि जमीन बघा. कथकमध्ये टाच आणि तळवा जोरात आपटतो. काँक्रीटवर बसवलेल्या फरशीवर रोज तासभर तत्कार केला तर नडगी आणि गुडघे बोलायला लागतात. घरच्या सरावासाठी प्लायवुडची एक फळी टाकली तरी फरक पडतो. घुंगरांची घाई नको. लहानांना प्रत्येक पायात पन्नासेक पुरतात, शंभर-दीडशेची वेळ पुढे येते. दुखणं दोन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टर गाठा. 'सवय होईल' हा उपाय नाही.

शहरात पर्याय काय?

एमजीएम परिसरातलं महागामी गुरुकुल १९९६ पासून आहे. पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे गुरुकुल पद्धतीने कथक आणि ओडिसी शिकवलं जातं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही नृत्य विभाग आहे, म्हणजे बारावीनंतर पदवीसाठी शहर सोडायलाच हवं असं नाही. बाहेर जायचं ठरलं तर पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत जुहूचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि छत्तीसगडमध्ये खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय ही ठिकाणं माहीत हवीत. १० ते १४ वयोगटासाठी केंद्राच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. तिच्या जाहिरातीवर दरवर्षी लक्ष ठेवावं, कारण वय उलटलं की अर्जच करता येत नाही.

रील्स बघून 'बॅले शिकायचंय' म्हणणारी मुलंही आता कमी नाहीत. त्यांच्यासाठी मुंबईचं उदाहरण आहे. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि विरारच्या टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान हे दोघं मुंबईत येहुदा माओर या शिक्षकाकडे बॅले शिकले. अमिरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, खर्चासाठी लोकवर्गणी काढावी लागली. २०२० चा 'ये बॅले' हा सिनेमा या दोघांवरच बेतलेला आहे. मनीषने सुरुवात उशिरा केली होती आणि बॅले उशीर फारसा माफ करत नाही. पायाच्या अंगठ्यांवर उभं राहायचे पॉइंट शूजसुद्धा साधारण अकरा-बारा वर्षांनंतर आणि काही वर्षांची तयारी झाल्यावरच देतात. लहान मुलीला कुणी ते आधीच घालत असेल तर थांबवा.

वेरूळच्या पालकांच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी मुंबईच्या पालकांकडे नाही. क्लासला जाताना ज्या दौलताबादवरून बस जाते, त्या देवगिरीवर तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. पेशाने हिशेबनीस. त्याने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकर'चा सातवा अध्याय पूर्णपणे नर्तनावर आहे. शहराजवळच्या औरंगाबाद लेण्यांत सातव्या लेण्यात सहा वादक स्त्रियांच्या मधोमध नाचणारी स्त्री कोरली आहे. आणि गावातच, एकविसाव्या रामेश्वर लेण्यात नाचणारा शिव आहे, भोवती वाद्यं वाजवणारे. त्याचे वाकलेले गुडघे आणि कमरेची वळण मुलीला दाखवा आणि तिला तसं उभं राहता येतं का बघा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. फक्त मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.