‘हॅड’ची हौस

मागच्या भागात इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ संपवला. आता भूतकाळ. इथे मराठी माणसाचा पाय हमखास एकाच जागी घसरतो.

समजा, रायपूरच्या गोल बाजारातून आणलेला कुकर आठवडाभरातच बाजूने वाफ सोडू लागला. तिथल्या एखाद्या मराठी घरातून कंपनीला ईमेल जाते : ‘आय हॅड पर्चेस्ड धिस कुकर ऑन 5 ऑक्टोबर.’ या वाक्यात ‘हॅड’ला काहीच काम नाही. ‘आय बॉट धिस कुकर ऑन 5 ऑक्टोबर’, बस्स. तो ‘हॅड’ येतो आपल्या ‘घेतला होता’मधून. ‘काल मी गोल बाजारात गेलो होतो’ हे आपल्याकडचं साधंसुधं वाक्य. गेलो, परत आलो, विषय संपला, एवढंच त्यातलं ‘होतो’ सांगतं. हिंदीतलं ‘गया था’ही तसंच, त्यामुळे घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या रायपूरकराला ही सवय दोन्हीकडून लागते. इंग्रजी वाचणारा मात्र ‘हॅड’ दिसला की वाट पाहत बसतो : आधी घेतला, पण कशाच्या आधी?

‘हॅड’ला भूतकाळातलीच, पण नंतरची, दुसरी घटना लागते. उदाहरण घ्या : नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी 1854 मध्ये खालसा केलं, छत्तीसगढही त्यातच गेलं. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढलं. दोन्ही गोष्टी एका वाक्यात घेतल्या तर ‘व्हेन सप्रे स्टार्टेड द मॅगझिन, भोसले रूल हॅड ऑलरेडी एंडेड’ हे शोभतं. नुसतं साल सांगायचं असेल तर ‘भोसले रूल एंडेड इन 1854’.

आता ‘हॅव’ आणि ‘हॅज’. पुन्हा कुकरकडे. ‘द गॅस्केट हॅज क्रॅक्ड.’ कधी तडकलं याची चौकशी इथे नाही; ते आत्ता तडकलेलं आहे, वरण शिजत नाही, बदलून द्या, एवढा सगळा आजचा मामला त्या ‘हॅज’मध्ये आहे. शाळेत याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात, त्यातला ‘वर्तमान’ आपण विसरतो. वार सांगितला की ‘हॅज’ गेलाच : ‘द गॅस्केट क्रॅक्ड ऑन संडे.’ मराठीत ‘मी रविवारीच तक्रार केली आहे’ खपून जातं, म्हणून आपण बेधडक ‘आय हॅव कम्प्लेन्ड ऑन संडे’ लिहितो. इंग्रजीत हे चालत नाही. ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’ यांच्या पंक्तीला ‘हॅव’ बसत नाही.

‘धिस मॉर्निंग’चं तेवढं वेगळं. सकाळी अकराला फोनवर चिडून ‘आय हॅव कॉल्ड यू ट्वाइस धिस मॉर्निंग’ म्हणा; संध्याकाळी तीच तक्रार ‘आय कॉल्ड यू ट्वाइस धिस मॉर्निंग’ अशी होते, कारण सकाळ सरली. चालू असलेल्या गोष्टीलाही ‘हॅज’च : रायपूर 1 नोव्हेंबर 2000 पासून छत्तीसगढची राजधानी आहे आणि अजूनही आहे, म्हणून ‘रायपूर हॅज बीन द कॅपिटल सिन्स 2000’. तिथे ‘इज’ लिहिणारे पुष्कळ. त्यांचा समाचार पुढे घेऊ.

अमेरिकेतली नातवंडं ‘आय ऑलरेडी एट’ म्हणतात तेव्हा त्यांना टोकू नका. तिथे ते सर्रास चालतं. ब्रिटिश वळणाने शिकलेल्या आपण ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ म्हणावं. परीक्षेत आणि अर्जात तेच बरं.

आणि ‘ही हॅज गॉन टु गोल बाजार’ म्हणजे स्वारी अजून तिकडेच आहे. जाऊन आलेल्या माणसासाठी ‘हॅज बीन’.

या आठवड्यात तुम्ही पाठवलेल्या जुन्या इंग्रजी ईमेल उघडा आणि प्रत्येक ‘हॅड’ तपासा. त्याच्या नंतरची दुसरी घटना आसपास दिसली नाही, तर तो काढून टाका. पुढच्या भागात ‘सिन्स’ आणि ‘फॉर’.