एचआर पद्धतींचा ‘परिणाम’ मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायची ठरवली की सिनॉप्सिससाठी एक विषय हमखास समोर येतो : ‘आधुनिक मानव संसाधन पद्धतींचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर व स्वास्थ्यावर होणारा परिणाम’. पुढे ‘विशेष संदर्भ : अमुक जिल्ह्यातील आयटी कंपन्या’ असं जोडलं की शीर्षक तयार. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. माणूस दिवसाचे आठ-दहा तास जिथे घालवतो, तिथले नियम त्याच्या कामाचं आणि तब्येतीचं काय करतात, हे कळायलाच हवं. पण या शीर्षकात ‘परिणाम’ हा जो शब्द आहे, तो आपण फार सहज लिहून टाकतो. आज त्याच्याबद्दलच बोलूया.

थोडी पार्श्वभूमी

या क्षेत्रात सगळ्यात जास्त उल्लेख होणाऱ्या लेखांपैकी एक म्हणजे मार्क ह्युसेलिड यांचा १९९५ चा लेख. त्यांनी अमेरिकेतल्या जवळपास हजार कंपन्यांची माहिती घेतली. काळजीपूर्वक भरती, प्रशिक्षण, कामगिरीशी जोडलेला मोबदला, कर्मचाऱ्यांचा सहभाग अशा पद्धती जिथे एकत्रितपणे वापरल्या जातात, तिथे नोकरी सोडण्याचं प्रमाण कमी आणि उत्पादकता जास्त दिसली.

हे कशामुळे होतं, याचं प्रचलित उत्तर म्हणजे ‘एएमओ’ मॉडेल. त्यात तीन वाटा आहेत. भरती आणि प्रशिक्षणामुळे क्षमता वाढते. बोनस, बढती, मूल्यमापन यांमुळे प्रेरणा मिळते. आणि निर्णयात सहभाग मिळाला तर ती क्षमता वापरायची संधी मिळते. सिनॉप्सिसमध्ये दहा पद्धतींची यादी देण्याऐवजी ‘माझी पद्धत यातल्या कोणत्या वाटेने काम करते’ एवढं स्पष्ट लिहिलं तरी गृहीतकं आपोआप नीट होतात.

बाण कोणत्या दिशेचा?

२००५ मध्ये पॅट्रिक राइट आणि सहकाऱ्यांनी एका खाद्यसेवा कंपनीच्या ४५ युनिट्सचा अभ्यास केला. एचआर पद्धतींचा पुढच्या काळातल्या कामगिरीशी संबंध दिसला, ठीक. पण मागच्या काळातल्या कामगिरीशीही तितकाच संबंध दिसला! आणि मागची कामगिरी हिशेबात धरल्यावर पुढचा संबंध जवळजवळ उरलाच नाही.

याचा साधा अर्थ असा, की ज्या युनिटचा धंदा आधीच बरा चाललाय, त्याच्याकडे प्रशिक्षणावर खर्च करायला पैसे असतात. म्हणजे चांगल्या कामगिरीमुळे चांगलं एचआर आलं, असंही असू शकतं. एकाच वेळी गोळा केलेल्या माहितीवरून हे दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत.

भाग कोण घेतं, हाच प्रश्न

माझ्या मते प्रत्येक नवीन संशोधकाने वाचावा असा अभ्यास म्हणजे इलिनॉय विद्यापीठातला. कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य तपासणी आणि वेलनेसचे उपक्रम सुरू केल्याने फायदा होतो का, हा प्रश्न होता. संशोधकांनी जवळपास ५००० कर्मचारी घेतले आणि कुणाला कार्यक्रम मिळेल, कुणाला नाही, हे चक्क सोडतीने ठरवलं.

आता गंमत बघा. कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली, तर भाग घेणारे जास्त निरोगी सवयींचे आणि कमी वैद्यकीय खर्चाचे. पण हा फरक कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच्या वर्षातही होता. मुळात तब्येतीची काळजी घेणारी माणसंच अशा गोष्टीत पुढे येतात. सोडतीतल्या दोन गटांची तुलना केल्यावर आरोग्य तपासणीचं प्रमाण वाढलेलं दिसलं, पण वैद्यकीय खर्च, उत्पादकता किंवा लोकांनी स्वतः सांगितलेली तब्येत यांवर दोन वर्षांनंतरही ठोस परिणाम सापडला नाही. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणजे प्रश्न तोच, माणसं तीच. तुलना बदलली की उत्तर बदललं. आपल्याकडे ‘योग सत्राला येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं समाधान जास्त आढळलं’ असा निष्कर्ष लिहिताना हा अभ्यास आठवा.

कामगिरी वाढली म्हणजे स्वास्थ्यही वाढलं?

शीर्षकात ‘कामगिरी व स्वास्थ्य’ असं एका दमात लिहिलं की दोन्ही एकत्रच वाढतात असं वाटतं. कॅरिना व्हान डे व्होर्डे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ३६ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा स्वास्थ्याचे तीन भाग वेगळे ठेवले : समाधान, नातेसंबंध आणि आरोग्य. पहिले दोन बहुतेकदा कामगिरीबरोबर वाढतात. आरोग्याचं चित्र मात्र उलटं दिसलं. तिथे कामगिरी आणि स्वास्थ्य एकमेकांच्या विरोधात जाऊ शकतात. कामाचा रेटा वाढतो, माणूस खूशही असतो आणि थकतही असतो.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग इथे उपयोगी पडतो. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांच्यातून दोन गट पाडले आणि नऊ महिने पाहिलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातले सुमारे ९ टक्के शिफ्टमध्ये जास्त मिनिटं काम झाल्यामुळे (सुट्ट्या आणि ब्रेक कमी झाले) आणि ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. समाधान वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण तेवढ्याच कामगिरीला बढती मिळण्याची शक्यता घटली. प्रयोगानंतर पुन्हा निवड करायची मुभा दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आपली जागा बदलली!

नुसता ‘१३ टक्के’ हा आकडा घेऊन पुढे गेलो असतो तर यातलं निम्मं हातातून सुटलं असतं. कमी ब्रेक घेणं ही कंपनीसाठी कामगिरी आहे; कर्मचाऱ्यासाठी ते काय आहे, हे वेगळं मोजावं लागतं.

मग आपण काय करायचं?

सोडत काढायची परवानगी आपल्याला कुठली कंपनी देणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तरी एवढं नक्की जमतं :

१. दोन्ही बाजू एकाच माणसाला विचारू नका. ‘एचआर पद्धती कशा आहेत’ आणि ‘तुमची कामगिरी कशी आहे’ हे एकाच प्रश्नावलीत, एकाच दिवशी विचारलं तर त्या दिवशीचा मूडच दोन्हीकडे उतरतो. कामगिरी हजेरीच्या नोंदी किंवा वरिष्ठांच्या मूल्यमापनातून घ्या.

२. दोन वेळा मोजा. पद्धत लागू होण्याआधी आणि नंतर. एखादी कंपनी नवीन पद्धत आधी एका शाखेत, मग दुसऱ्या शाखेत आणत असेल, तर ती संधी सोडू नका. दुसरी शाखा तुमचा तुलनेचा गट झाली.

३. सोडून गेलेल्यांचा विचार करा. प्रश्नावली भरणारे म्हणजे टिकलेले लोक. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला, ते कदाचित नमुन्यात नाहीतच.

४. प्रश्नावली एचआर विभागामार्फत वाटू नका. विभाग, वय, पद एवढं विचारलं तरी छोट्या ऑफिसात माणूस ओळखू येतो. मग तो खरं का लिहील? आणि लिहिलंच, तर त्याची किंमत त्याला मोजावी लागू शकते. हा पद्धतीचा प्रश्न आहेच, त्याहून जास्त नैतिकतेचा आहे.

आणि यातलं काहीच शक्य नसेल तर? तर शीर्षकात ‘परिणाम’ऐवजी ‘संबंध’ लिहा. व्हायव्हामध्ये त्या एका शब्दाचं समर्थन करणं सोपं जाईल. शिवाय उद्या एखादा मॅनेजर तुमचा प्रबंध वाचून शेकडो लोकांसाठी धोरण ठरवणार असेल, तर त्याच्या हाती तुम्ही जेवढं खरं आहे तेवढंच दिलेलं असेल.