वळसा आणि कारण : टर्बो गाडीच्या एका व्हॉल्व्हची गोष्ट

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोलत होतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं आग आहे, हे आपल्या नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, डोंगर आणि धूर सोडून एखादं आजचं उदाहरण द्या ना.’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण गाडीचं बॉनेट उघडणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, मेकॅनिक नव्हे. पण आमच्याच डिझेल गाडीनं आम्हाला तर्कशास्त्राचा एक धडा चांगलाच शिकवला. तो धडा खंबाटकी घाटात मिळाला, म्हणून जरा जास्त लक्षात राहिला.

आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराला वेग असतो, दाब असतो. तो वाया न घालवता त्याच्यावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही टर्बोची कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली तिचं पेटंट घेतलं. हवा जास्त, म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, म्हणजे लहान इंजिनातून मोठी ताकद. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याला लगाम हवाच.

आजच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो लगाम म्हणजे टर्बोच्या आतल्या हलत्या पाकळ्या. पाकळ्या मिटल्या की धुराची वाट अरुंद होते, तो जोरात चाकावर आदळतो आणि कमी वेगातही टर्बो उचलतो. इंजिन वेगात आलं, धूर भरपूर झाला, की पाकळ्या उघडाव्या लागतात. नाहीतर चाक नको तितकं पळतं. बागेच्या नळीचं तोंड आपण अंगठ्यानं दाबतो ना, तसंच. पाणी कमी असताना अंगठा उपयोगी. बंबाचं पाणी आलं तर अंगठा काढलेलाच बरा.

या पाकळ्या हलवतो कोण? एक छोटी डबी असते, तिला ॲक्च्युएटर म्हणतात. तिच्यात रबराचा पडदा, पडद्याला जोडलेली सळई. डबीतली हवा काढली की सळई आत ओढली जाते आणि पाकळ्या मिटतात. हवा परत सोडली की स्प्रिंग सळईला मागं ढकलते, पाकळ्या उघडतात. हवा काढण्याचं काम इंजिनावरच चालणारा व्हॅक्यूम पंप करतो.

इथं एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आपण ‘व्हॅक्यूम ओढतो’ असं म्हणतो. पण पोकळी काही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत निसर्गाला पोकळीचं वावडं आहे असं मानत. 1640च्या दशकात तोरिचेल्लीनं पाऱ्याची नळी उलटी धरून दाखवली, आणि 1648 मध्ये पास्कालच्या मेहुण्यानं तशी नळी डोंगरावर नेली. वर पारा खाली उतरला. म्हणजे पाऱ्याला तोलून धरते ती आपल्या डोक्यावरची हवा, हे स्पष्ट झालं. समुद्रकाठी तिचा दाब सुमारे 1013 मिलिबार, पुण्यात सुमारे 950. गाडीतली ती सळई याच दाबानं हलते.

आता आपल्या गोष्टीतला नायक. पंप आणि डबी यांच्यामध्ये एक व्हॉल्व्ह बसलेला असतो. विजेवर चालतो. गाडीचा संगणक त्याला सेकंदाला अनेक वेळा उघड-मीट करायला लावतो, आणि व्हॅक्यूम किती द्यायचा, बाहेरची हवा किती मिसळायची, हे ठरतं. म्हणजे पंप हा बळ आहे, डबी हा हात आहे आणि व्हॉल्व्ह हा विवेक आहे. विवेक बिघडला तर काय करायचं, हा आजचा प्रश्न.

आमच्या गाडीचा पिकअप गेला. चढावर दम लागायचा, काळा धूर यायचा. एका मेकॅनिकनं पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, व्हॉल्व्ह गेला. नवीन यायला आठ दिवस. तोवर बायपास करून देतो.’ त्यानं व्हॉल्व्ह बाजूला ठेवला, नवी रबरी नळी घेतली आणि पंपाकडून येणारा व्हॅक्यूम थेट डबीला जोडला. गाडी एकदम तरतरीत! सिग्नलवरून अशी निघायची की शेजारचे वळून बघायचे. आम्ही खूश. आठ दिवसांचे पंधरा झाले, आम्ही व्हॉल्व्ह विसरलो.

मग साताऱ्याला निघालो. सौभाग्यवती शेजारी. खंबाटकी चढताना एका ट्रकला ओलांडायला घेतलं, पाय दाबला, इंजिन तीन हजारांच्या पुढं गेलं आणि अर्ध्यावर गाडीचा जीवच गेला. डॅशबोर्डवर दिवा लागला. पुढं जाता येईना, मागून बस हॉर्न देतेय. ट्रकवाल्या भल्या माणसानं वेग कमी करून जागा दिली, म्हणून आज हे व्याख्यान होतंय.

काय झालं होतं? विवेकाला वळसा घातल्यामुळं डबीला सतत पूर्ण व्हॅक्यूम मिळत होता. पाकळ्या कायम मिटलेल्या. शहरात कमी वेगात तेच हवं असतं, म्हणून गाडी पळत होती. घाटात धूर वाढला, पाकळ्या उघडायला हव्या होत्या, त्या उघडल्या नाहीत. हवेचा दाब मर्यादेबाहेर गेला, संगणकानं ते ओळखलं आणि इंजिन वाचवायला डिझेल तोडलं. मेकॅनिक याला ‘लिंप मोड’ म्हणतात, लंगडी चाल. यंत्रानं स्वतःला वाचवलं, आम्हाला जवळजवळ घालवलं.

हृदयाची बायपास आपल्याला माहीत असते. तिथं तुंबलेल्या नळीला वळसा घालतात. इथं आम्ही नळीला नव्हे, निर्णय घेणाऱ्यालाच वळसा घातला होता. शब्द एकच, गोष्टी दोन.

आणखी एक बघा. अनेक जुन्या पेट्रोल टर्बो गाड्यांत व्यवस्था उलटी असते. तिथं टर्बोचा स्वतःचाच दाब डबीला जातो आणि तो धुराची चोरवाट उघडतो. तिथला व्हॉल्व्ह या दाबातला काही भाग अडवतो, म्हणून टर्बो जास्त चढू शकतो. त्या गाडीत व्हॉल्व्ह काढून नळी थेट जोडली तर चोरवाट लवकर उघडते. ताकद घटते, पण इंजिन सुरक्षित. तोच बायपास एका गाडीत लगाम आवळतो, दुसरीत लगाम सोडून देतो. तेव्हा ‘माझ्या मित्रानं केलं, काही झालं नाही’ हे प्रमाण होऊ शकत नाही. आधी विचारायचं, व्हॉल्व्ह नसताना यंत्र कुठल्या बाजूला कलतं?

आता खरा धडा. साताऱ्यात दुसऱ्या मेकॅनिकनं घाई केली नाही. हातपंपानं डबीला व्हॅक्यूम दिला. सळई सरळ हलली, व्हॅक्यूम टिकला, म्हणजे पडदा शाबूत. पंपाकडून येणाऱ्या नळीला मीटर लावला, तिथं व्हॅक्यूम भरपूर. मग त्यानं आमचा डिकीत पडलेला व्हॉल्व्ह परत बसवला, पण पंधरवड्यापूर्वीची जुनी नळी लावून. गाडी पुन्हा मरगळलेली. मग फक्त नळी बदलली. गाडी ठणठणीत! व्हॉल्व्ह चांगलाच होता. उष्णतेनं जुनी नळी टोकाशी तडकली होती, तिथून हवा शिरत होती. हातभर नळीचा खर्च.

मग पहिल्या मेकॅनिकचं अनुमान कुठं चुकलं? त्याचं म्हणणं असं, की व्हॉल्व्ह काढला, दोष गेला, म्हणून दोष व्हॉल्व्हमध्ये. पण त्यानं एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या : व्हॉल्व्ह काढला आणि नळीही बदलली. जॉन स्टुअर्ट मिलनं 1843 च्या ग्रंथात भेदाची पद्धत सांगितली. दोन प्रसंगांत एकच फरक असेल तरच त्या फरकाला कारण म्हणता येतं. अशा लपून राहिलेल्या अटीला आपले नैयायिक उपाधी म्हणतात. आग असली की धूर असतोच असं नाही, लाकूड ओलं असेल तर असतो. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी. आमच्या गाडीत ओलं लाकूड म्हणजे ती नवी नळी.

म्हणजे बायपास वाईट का? नाही. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन मंद चालू, अशा स्थितीत मिनिटभर थेट जोडून सळई हलते का हे पाहणं ही उत्तम परीक्षा आहे. हलली तर पंप आणि डबी निर्दोष. उरले व्हॉल्व्ह, त्याच्या नळ्या, त्याच्या वायरी आणि त्याला मिळणारा हुकूम. ते एकेक करून तपासायचे. व्हॉल्व्हला हवा घेण्यासाठी लहानशी जाळी असेल तर ती धुळीनं तुंबली आहे का, तेही पाहायचं. परीक्षा झाली की वळसा काढून टाकायचा.

रस्त्यात अडकलात तर? बहुतेक अशा डिझेल गाड्यांत डबीला व्हॅक्यूम नसला की पाकळ्या उघड्या राहतात. गाडी मंद चालते, पण सावकाश गॅरेजपर्यंत जाते. मात्र सुटलेल्या नळीचं पंपाकडचं तोंड घट्ट बंद करा. कारण ब्रेक हलका करणारा बूस्टरही बहुधा याच पंपावर चालतो. नळी उघडी राहिली तर ब्रेकचं पेडल जड होऊ शकतं. गाडी हळू चालली तर उशीर होतो, थांबली नाही तर काय होतं ते सांगायला नको.

शेवटी एवढंच. लक्षण गेलं म्हणजे कारण सापडलं असं नाही. आम्ही चाळीसेक वर्षं हे वर्गात शिकवलं आणि पंधरा दिवस तरतरीत गाडी चालवताना विसरलो. गाडी छान पळत असताना ‘का पळते?’ हे कोण विचारतो? पण तिथंच विचारायला हवं. पुढच्या वेळी आपण उपाधीकडेच पुन्हा वळू, आणि डॉक्टरच्या खोलीतलं उदाहरण घेऊ. प्रश्न असतील तर जरूर विचारा.